'बॉयकॉट' : एका आडनावाचे क्रियापद होताना

माणसाच्या नावावरून वस्तूला नाव पडणे ही भाषेत नवलाची गोष्ट नाही. सँडविच, डिझेल, व्होल्ट हे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांच्यामागे कधी काळी हाडामांसाची माणसे होती हे विसरूनही जातो. माणसाच्या आडनावाचे क्रियापद होणे मात्र दुर्मीळ. ते त्याच्या हयातीत, तेही दोन-तीन महिन्यांच्या आत व्हावे आणि पुढे जगातील कितीतरी भाषांनी ते उचलावे, हे तर जवळजवळ एकमेव उदाहरण. हे क्रियापद म्हणजे 'बॉयकॉट'. वर्गात या शब्दाची व्युत्पत्ती विचारली की इंग्लंडच्या जेफ्री बॉयकॉट या संथ फलंदाजाचे नाव कोणी ना कोणी घेतेच. विद्यार्थी हसतात, पण त्या उत्तरातही निम्मे सत्य आहे. शब्द आडनावावरूनच आला आहे, फक्त माणूस वेगळा.

तो माणूस म्हणजे कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२, इंग्लंडमधील नॉर्फक परगण्यात. काही काळ लष्करात काढून तो आयर्लंडमध्ये स्थायिक झाला आणि १८७०च्या दशकात मेयो परगण्यातील लॉख मास्क या सरोवराकाठच्या जमिनीवर लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून राहू लागला. स्वतःची शेती करायची आणि मालकाच्या कुळांकडून खंड वसूल करायचा, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. जमीनदार दूर राहणारा आणि डोळ्यांसमोर दिसतो तो कारभारी, ही व्यवस्था आपल्याकडील खोती-जमीनदारीच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांना अपरिचित वाटू नये.

१८७० च्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये लागोपाठ पिके बुडाली. १८४५ नंतरच्या महादुष्काळाची आठवण अजून ताजी होती. ऑक्टोबर १८७९ मध्ये डब्लिन येथे 'लँड लीग' ही शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली. मायकेल डेव्हिट हा तिचा प्रवर्तक आणि चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल हा अध्यक्ष. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेलने श्रोत्यांनाच प्रश्न केला, की कुळाला हुसकावून रिकामी केलेली जमीन जो दुसरा कोणी कसायला घेईल त्याचे काय करावे? गोळी घाला, अशा आरोळ्या उठल्या. त्यावर पार्नेलने त्याहून बरा मार्ग सांगितला : रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळात, कोठेही त्याच्याशी बोलू नका; पूर्वी महारोग्याला जसे दूर ठेवीत तसे त्याला एकटे पाडा.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, आणि पुढे आपल्याला तिची गरज पडणार आहे. पार्नेलच्या या भाषणातील लक्ष्य जमीनदार नव्हता. शेजाऱ्याची गेलेली जमीन कसायला घेणारा, म्हणजे बहुधा त्याच गावातला दुसरा एक गरीब शेतकरी, हे त्याचे लक्ष्य होते.

या भाषणानंतर तीन-चार दिवसांतच मेयोमध्ये ठिणगी पडली. लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली होती. कुळांची मागणी पंचवीस टक्क्यांची होती. बॉयकॉटने जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. त्या बजावायला आलेल्या माणसाला गावातील बायकांनी चिखल-शेण फेकून पळवून लावले. दुसऱ्या दिवशी जमाव बॉयकॉटच्या घरी गेला आणि त्याचे गडी-नोकर काम सोडून निघून गेले. मग एकेक दार बंद होत गेले. लोहार घोड्याला नाल मारीना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना, टपालाची ने-आण थांबली. शेतात पीक उभे आणि कापायला माणूस नाही. बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली, ते ऑक्टोबरमध्ये छापून आले आणि एका खेड्यातील भांडण साऱ्या साम्राज्याचे झाले. नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडील कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजारभर सैनिक व पोलीस तैनात करावे लागले. सुमारे पाचशे पौंडांचे पीक वाचवायला दहा हजार पौंड खर्च झाले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. नोव्हेंबर संपता संपता बॉयकॉटने लॉख मास्क सोडले. डब्लिनच्या हॉटेलमालकानेही त्याला ठेवून घेण्याची धास्ती घेतली आणि तो इंग्लंडला गेला.

या घटनेला नाव कसे पडले, याची हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकाराने लिहून ठेवली आहे. तो त्या वेळी मेयोमध्ये होता आणि तेथील धर्मगुरू फादर जॉन ओ'मॅली यांच्या घरी जेवायला बसला होता. या प्रकाराला शब्द काय वापरावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न. 'ऑस्ट्रसाइझ' हे क्रियापद इंग्रजीत होते. प्राचीन अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव खापरीच्या तुकड्यावर लिहून त्याला दहा वर्षे नगराबाहेर धाडीत, त्या प्रथेवरून आलेले. पण हा पंडिती शब्द शेतकऱ्यांना कसा कळावा? क्षणभर विचार करून ओ'मॅली म्हणाले, आपण 'टु बॉयकॉट' म्हटले तर? ऑक्टोबर १८८० मध्ये रेडपाथने तो शब्द अमेरिकी वृत्तपत्रात वापरला. नोव्हेंबरमध्ये खुद्द 'टाइम्स'मध्ये तो अवतरणचिन्हांत छापला गेला. पुढे अवतरणचिन्हे गळाली, थोरले अक्षर धाकटे झाले, आणि विशेषनामाचे क्रियापद झाल्यावर शिक्कामोर्तब झाले. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन, जपानी अशा अनेक भाषांनी तो थोड्याफार उच्चारभेदाने स्वीकारला. स्वतः कॅप्टन बॉयकॉट १८९७ मध्ये वारला, तोपर्यंत त्याचे नाव त्याचे राहिलेच नव्हते.

हा शब्द इतक्या वेगाने का पसरला? कृती नवी होती म्हणून नव्हे. गुलामांच्या श्रमांतून आलेली साखर खायची नाही, असा निश्चय इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी १७९१ च्या सुमारासच केला होता. आपल्याकडचे उदाहरण तर लॉख मास्कच्या घटनेशी थक्क करण्याइतके जुळते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात कर्डे नावाचे गाव आहे. डिसेंबर १८७४ मध्ये तेथील काळूराम नावाच्या सावकाराने कर्जाच्या हुकूमनाम्यात बाबासाहेब देशमुखांचे घर मिळवले आणि ते पाडले. गावाने सावकारांशी व्यवहार तोडण्याचे ठरवले. त्यांची जमीन कोणी कसायची नाही, त्यांच्या दुकानातून कोणी माल घ्यायचा नाही. न्ह्याव्याने, पाणक्याने त्यांचे काम करायचे नाही. सावकारांना गाव सोडून शिरूरचा आसरा घ्यावा लागला. शेजारच्या गावांनी हाच कित्ता गिरवला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला, खतपत्रे जाळली गेली आणि 'दख्खनचे दंगे' या नावाने ते प्रकरण इतिहासात नोंदले गेले. दंग्याची नोंद झाली, पण त्याआधीच्या शांत नकाराला नाव मिळाले नाही. आयर्लंडच्या सहा वर्षे आधी कर्ड्यात तेच घडले होते; तेथे रेडपाथ नव्हता आणि 'टाइम्स'ही नव्हता.

परंतु मराठीला या कृतीसाठी शब्दच नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. उलट शब्द उदंड होते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे बॉयकॉट प्रकरणाच्या तेवीस वर्षे आधीची. तिच्यात 'वाळीत' आहे. 'वाळणे' म्हणजे टाकून देणे, वर्ज्य करणे, या जुन्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. 'अपांक्त' म्हणजे पंक्तीला न चालणारा. 'रोटीबेटी बंद', 'पाणी बंद', 'जातीबाहेर' हे बोलीतले प्रयोग. जातीच्या अधिकारावरून उठणाऱ्या आणि बहिष्कारापर्यंत जाणाऱ्या तंट्यांना 'ग्रामण्य' म्हणत. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये या ग्रामण्यांचा इतिहासच लिहिला. 'बहिष्कार' हा शब्दही धर्मशास्त्राच्या परिभाषेतून आलेला आहे.

या परिवारातील सर्वांत बोलका शब्द आज आपण वेगळ्याच अर्थाने वापरतो. तो म्हणजे 'घटस्फोट'. पतित ठरलेल्या माणसाला त्याचे नातलग जिवंतपणीच मेलेला मानीत. मनुस्मृतीत या विधीचे वर्णन आहे : गावाबाहेर, अशुभ दिवशी, सायंकाळी, पाण्याने भरलेला घट दासीने पायाने उलथवायचा. त्यानंतर त्याच्याशी बोलणे, बसणे-उठणे, देणेघेणे बंद, वारसाहक्कही संपला. पण त्याच ठिकाणी पुढे असेही सांगितले आहे, की त्याने प्रायश्चित्त घेतले तर नातलगांनी त्याच्यासह स्नान करावे आणि नवा भरलेला घट पाण्यात सोडावा. म्हणजे माणसाला बाहेर काढणारा विधी होता, तसा आत घेणाराही होता. काळाच्या ओघात हा शब्द समाज आणि व्यक्ती यांच्या संबंधातून निघून पति-पत्नीच्या संबंधात आला आणि तेथेच स्थिरावला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राने या हत्याराचा वापर मुख्यतः सुधारकांवर झालेला पाहिला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य उठले, त्यात रानडे होते तसे टिळकही होते, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने बहिष्काराचा ठराव केला आणि त्याची झळ त्यांच्या आईला व भावंडांनाही बसली. या सर्व प्रकरणांत बहिष्कार टाकणारा मोठा, संघटित आणि परंपरेचा आधार असलेला आहे. ज्यावर टाकला तो एकटा आहे. लॉख मास्कच्या चित्रात नेमके उलट होते. तेथे एकटा होता तो सत्तेचा माणूस.

१९०५ मध्ये हे दोन प्रवाह एकाच शब्दात मिसळले. बंगालच्या फाळणीविरुद्ध ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालाच्या 'बॉयकॉट'चा ठराव झाला. महाराष्ट्रात टिळकांनी तो उचलून धरला आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री घडली. इंग्रजी क्रियापदाला मराठी प्रतिशब्द देताना जातिसंस्थेच्या परिभाषेतला शब्द घेतला गेला. पंधरा वर्षांपूर्वी स्वतः ग्रामण्याला तोंड दिलेल्या नेत्याच्या हाती तोच शब्द साम्राज्याविरुद्धचे शस्त्र झाला. एखाद्या शब्दाचे तोंड इतके पूर्णपणे फिरल्याची उदाहरणे आपल्या भाषेत फार नसावीत.

या शब्दाविषयीची पहिली मोठी शंकाही एका मराठी माणसानेच बोलून दाखवली, हे मात्र आपण सहसा आठवत नाही. डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी बंगालचा बहिष्कार राजकीय शस्त्र म्हणून योग्य ठरवला. पण ते शस्त्र निर्वाणीच्या प्रसंगीच वापरावे, असे बजावले. शिवाय या शब्दाच्या जन्मकथेमुळेच त्याला दुसऱ्याचे वाईट चिंतण्याचा वास लागला आहे, म्हणून स्वदेशीच्या विधायक कार्याला तो जोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. गोखल्यांच्या मवाळपणाचा नमुना म्हणून हे मत बाजूला सारण्याची आपली रीत आहे. परंतु अर्धशतकानंतर एका अगदी वेगळ्या माणसाने जवळजवळ हेच म्हटले. १९५५-५६ मध्ये अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. त्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे, की 'बॉयकॉट' हा शब्द त्यांना बोचत होता. कारण वंशभेदाचे समर्थक गोरेही कृष्णवर्णीयांविरुद्ध हेच हत्यार वापरीत होते. आपण करीत आहोत तो अन्यायी व्यवस्थेशी असहकार, असे मनाशी ठरवल्यावरच त्यांची शंका फिटली.

त्यांची शंका निराधार नव्हती. १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा वापरलेला शब्द आयर्लंडच्या कुळांनी जन्माला घातलेलाच होता. पार्नेलच्या भाषणातील लक्ष्यही मुळात एक शेजारीच होता, हे येथे पुन्हा आठवावे. क्रियापद जन्मापासूनच दुधारी होते.

मराठीत या दुसऱ्या धारेचा अनुभव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्यांनी तो शब्द स्वतःच्या नावातच घेतला. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' पत्र निघाले. केसरीच्या स्तंभांत 'बहिष्कार' हा कर्तरी शब्द होता, आम्ही करू असा. येथे तो कर्मणी धातुसाधित रूपात आला, आमच्यावर केला गेला असा. एकाच धातूच्या या दोन रूपांत त्या काळच्या महाराष्ट्राचे दोन इतिहास शेजारी शेजारी उभे आहेत. आणि आधी सांगितलेल्या घटाच्या विधीच्या संदर्भात पाहिले, तर 'बहिष्कृत' या शब्दाची धार आणखी जाणवते. पतिताला प्रायश्चित्त होते, नवा घट होता. ज्याला जन्मानेच बाहेर ठेवले त्याने प्रायश्चित्त कशाचे घ्यायचे? त्याच्यासाठी आत घेणारा विधी सांगितलेलाच नव्हता.

गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर व रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी होती. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना गावाने मजुरी, दुकान आणि वाट बंद करून नमवणे, हे उघड हिंसेहूनही परिणामकारक हत्यार आहे, हे त्यांनी जाणले होते. त्या कलमांचा मसुदा त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला. तो कायदा परकीय सरकारने राष्ट्रीय चळवळीला आवर घालण्यासाठी केला होता. दडपशाहीच्या कायद्यातही दुबळ्याच्या संरक्षणाची भाषा सापडू शकते, हे ओळखण्याइतकी त्यांची दृष्टी निर्भीड होती.

स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात बहिष्काराचा समावेश झाला. मुंबई राज्याचा १९४९ चा जातिबहिष्कृतीविरोधी कायदा मात्र १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, २०१६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. जातपंचायतीने किंवा गावकीने आंतरजातीय विवाहावरून कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. 'वाळीत' हा मोल्सवर्थच्या कोशातला शब्द आपण अजून जुना होऊ दिलेला नाही.

मग या क्रियापदाची पारख कशी करावी? कर्ता दुबळा की सबळ, एवढा एकच निकष पुरेसा नाही. दुबळेही आपल्याहून दुबळ्याला शोधतात. मला वाटते, दोन प्रश्न विचारावेत. ज्यावर बहिष्कार टाकला त्याला परत येण्याची वाट आहे काय? आणि त्या वाटेवर त्याच्याकडून जे मागितले जाते, ते मागण्याजोगे आहे काय? बॉयकॉटला वाट होती : नोटिसा मागे घ्याव्यात, खंड कमी करावा. मँचेस्टरच्या कापडाला आणि माँटगोमेरीच्या बसकंपनीला वाट होती. बर्लिनच्या ज्यू दुकानदाराला आणि महाडच्या तळ्यावर गेलेल्या माणसाला ती नव्हती, कारण त्यांचा दोष त्यांनी केलेल्या कशात नव्हता, ते कोण होते यात होता. आंतरजातीय विवाह करणाऱ्या मुलीच्या बापाला वाट दाखवली जाते. पण ती मुलीशी संबंध तोडण्याची आणि पंचांपुढे दंड भरण्याची असते. अशी वाट नसण्यासारखीच.

आज 'बॉयकॉट' हा शब्द देवनागरीतही सर्रास दिसतो. एखादा चित्रपट, दुकान, कधी एखादा अख्खा समाज त्याच्यासमोर ठेवला जातो आणि लोक तो शब्द पुढे पाठवतात. कृतीचे श्रम आता उरलेले नाहीत. मेयोमधल्या धोबिणीने बॉयकॉटचे कपडे नाकारले, तेव्हा तिने त्या दिवसाची मजुरीही नाकारली होती. कर्ड्याच्या न्हाव्याचेही तसेच. व्याकरण शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की क्रियापद दिसले की आधी कर्ता शोधा आणि मग कर्म. या एका क्रियापदाच्या बाबतीत तरी तो धडा वर्गाबाहेरही सोडू नये. बहिष्कार कोणी टाकला, कोणावर टाकला, आणि टाकणाऱ्याने स्वतःचे काय गमावले, एवढे पाहिल्याशिवाय ते वाक्य पूर्ण झाले असे समजू नये.